मलिद्याच्या परातीवरचे पोचे

मित्रांनो, अंधाराला भिता म्हणून तुम्हांला कोणी हसत असेल, तर त्याला माझ्याकडे पाठवा. मी एक जुनी पितळी परात आहे. माझं वय आता कोणालाच आठवत नाही, मलाही नाही. तरी कपाटाचं दार लागलं आणि कुलपात चावी फिरली, की माझ्या काठापासून बुडापर्यंत थंडगार शहारा जातो. पुन्हा उघडतील ना? की हेच शेवटचं?

मी राहते रायगडच्या किनाऱ्यावर, रेवदंड्याच्या पुढच्या एका गावात, माडांच्या वाडीतल्या लहानशा सिनेगॉगमध्ये. सिनेगॉग म्हणजे यहुदी लोकांचं प्रार्थनेचं घर. या किनाऱ्यावरचे यहुदी स्वतःला बेने इस्राएल म्हणवतात, मराठी बोलतात, आणि त्यांच्या बायका तुमच्या आजीसारख्याच विळीवर नारळ खवतात. ते सांगतात, की फार पूर्वी त्यांच्या पूर्वजांचं गलबत नवगावजवळ फुटलं. थोडे बायका-पुरुष तेवढे वाळूला लागले. सामानसुमान, सगेसोयरे, पवित्र ग्रंथ, सगळं समुद्राने नेलं. ही गोष्ट मी बायकांच्या तोंडून किती वेळा ऐकली असेल! दर वेळी शेवटाला आल्यावर कोणीतरी माडांमधून समुद्राकडे पाहायची, आणि विळीवरचे हात क्षणभर थांबायचे. ही भीती त्यांच्या हातांतूनच माझ्यात उतरली असावी.

माझा जन्म चौलच्या एका तांबटाकडे झाला. हातोडीचा पहिला घाव बसला तेव्हा मला वाटलं, आता मी फुटणार. दुसऱ्या घावालाही तेच वाटलं. सगळे घाव खाऊन झाल्यावर मला काठ आला, पोट आलं आणि नाव आलं. ते नाव माझं नव्हे. ज्या बाईने मला करून घेतलं तिचं, शेगुलाबाईचं. तिचा नवरा तेलाचा घाणा चालवायचा. शनिवारी शब्बाथ, म्हणजे विश्रांतीचा दिवस. त्या दिवशी घाणा बंद. म्हणून गाव त्या लोकांना शनवार तेली म्हणे. शेगुलाबाईचा मुलगा बोटीवर नोकरीला गेला होता आणि त्याची काही खबर येईना. तिने एलियाहू हन्नबीला, म्हणजे यहुद्यांच्या एका प्रेषिताला, नवस बोलला: पोरगा घरी येऊ दे, मी मलिद्याची परात वाहीन. मुलगा आला. मी सिनेगॉगमध्ये आले. भिंतीवर संगमरवरी पाटी आहे, तिच्यावर देणगी देणाऱ्यांची नावं कोरली आहेत, सगळी पुरुषांची. बाईचं नाव त्या इमारतीत एकाच ठिकाणी होतं, माझ्या काठावर.

मलिदा तुम्ही खाल्ला नसेल. भिजवलेले पोहे, गूळ, ओलं खोबरं, वेलची, वर बदामाचे काप आणि भोवतीने फळं. लग्न ठरलं, आजारी माणूस उठलं, परदेशी गेलेलं परत आलं, की एलियाहू हन्नबीच्या नावाने मलिदा करायचा. बायका मागच्या खोलीत बसून तो माझ्यात कालवायच्या. केवढा गलका असायचा!

"मिल्का, अगं खोबरं खवतेस की करवंटी? काळं पडलं बघ सगळं!"

"माझ्या सासूने बघितलं असतं तर विळीसकट माहेरी धाडली असती तुला."

ही मिल्का तेव्हा नवी नवरी होती. लाजून अधिकच जोरात खवायची, आणि पुन्हा काळं पडायचं.

बायकांची ही खोली मागच्या बाजूला. मधे लाकडी जाळी. जाळीपलीकडे पुरुषांची बैठक, आणि भिंतीत हेखाल, म्हणजे पवित्र कपाट. त्या कपाटात सेफेर तोरा उभा असतो. चामड्यावर एकेक अक्षर हाताने लिहिलेली ती मोठी गुंडाळी असते, मखमलीच्या झग्यात. तो सेफेर हातातून पडला, तर साऱ्या समाजाने उपास धरायचा. त्याचं एक अक्षर पुसलं, तर त्यातून वाचायचं नाही. बायका त्याला लांबूनच हात दाखवून बोटं ओठांना लावत. त्याला स्पर्श करायचा नाही, असं कुठे लिहिलं होतं का, ते मला ठाऊक नाही. आमच्याकडे तशी रीत होती, एवढं खरं. ज्या बाईची महिन्याची अडचण असे, ती तर आत पाऊलच टाकत नसे. बाहेर पडवीत बसे.

आणि मी? मी भरले, की बायका मला उंबरठ्यापर्यंत आणत. तिथून एक पुरुष मला उचलून आत नेई. बायकांकडची ती हद्द ओलांडणारी मी एकटीच. पण खरं सांगू? त्या हातबदलाची मला भीती वाटायची. एकाचा हात सुटलेला आणि दुसऱ्याचा अजून बसलेला नाही, असा एक क्षण असतो ना, त्याची.

मग माणसं जाऊ लागली. कोणी मुंबईला, कोणी ठाण्याला, बरीचशी इस्राएलला. जाताना बायका मला हात लावून रडत आणि म्हणत, येऊ गं परत. इस्राएलला गेलेल्या एका कुटुंबाने पैसे पाठवले, तेव्हा बायकांच्या गळक्या खोलीवर सिमेंटचा स्लॅब चढला. पुरुषांच्या बाजूची जुनी कौलं शोभेची, म्हणून तशीच राहिली. एवढं लक्षात ठेवा. विळ्या गंजल्या. गलका थांबला. वर्षानुवर्षं मी कपाटात पडून राहिले, कल्हई उडाली, अंगावर हिरवट डाग चढले. वाळवीचा बारीक आवाज ऐकत मी काळोखात म्हणे, लाकूड संपल्यावर ती काय खाईल?

शेवटी गावात एकच घर उरलं. मिल्काबाई, तीच ती काळं खोबरं खवणारी, आता म्हातारी आणि विधवा. आणि तिची सून रिवका, रेवदंड्याच्या दवाखान्यात नर्स. रिवकाचा नवरा ठाण्याला कामाला असे. चावी मिल्काबाईच्या कमरेला. दर शुक्रवारी सूर्य बुडण्याआधी ती येऊन तेलाचा दिवा लावी. शेजारी येसूबाई कोळीण. ती मिल्काबाईकडे मासळी घेऊन यायची ती निवडूनच, कारण यहुदी लोक खवल्यांचा मासाच खातात.

"मिल्काबाय, आज कोलंबी अशी हाय, बगूनच जीव निवंल," ती दारातून ओरडायची. "पन तुला न्हाय देत! तुज्या नशिबी खवलंच!"

"खवलं तर खवलं. काटे काढून देतेस का ते सांग."

मित्रांनो, मग ते टाळेबंदीचं वर्ष आलं. ठाण्या-मुंबईची माणसं तिकडेच अडकली. आणि जूनमध्ये चक्रीवादळ येणार, अशी दवंडी फिरली. किनाऱ्यावरच्या लोकांनी पक्क्या इमारतीत जावं म्हणून सांगितलं. आमच्या सिनेगॉगच्या भिंती दगडी. मिल्काबाईने कुलूप काढलं. ती आणि येसूबाई आत आल्या. रिवका मात्र पडवीत थांबली.

"अगं, आत ये," मिल्काबाई म्हणाली.

"आई, मी कशी येऊ?" रिवका हळू म्हणाली. "कालपासून अडचण आहे."

मिल्काबाई पुन्हा ये म्हणाली नाही, नको म्हणाली नाही. पुरुषांच्या बाजूला एके ठिकाणी गळत होतं, म्हणून तिने मला कपाटातून काढून त्या थेंबाखाली ठेवलं. इतक्या वर्षांनी उजेड दिसला, तो असा. मलिद्याची परात, आणि तिच्यात गळकं पाणी. मला रडू आलं असतं, पण त्या दिवशी रडायलाही सवड नव्हती.

वारा आधी शिट्टी घालत होता. मग त्याचा आवाज जाड झाला. इतका, की समुद्र उठून वाडीत चालत आला आहे, असं वाटावं. माड कमरेत वाकले. एक कडाडून मोडला. पडवीवरचा पत्रा कागदासारखा उडाला आणि रिवका खांबाला मिठी मारून किंचाळली.

येसूबाई धावली. "मरशील तकडं! अगो, चल आत!"

"नको, मावशी, मी—"

"काय नको? मेल्यावर इटाळ फिटंल व्हय?" असं म्हणत तिने रिवकाला दंडाला धरून आत ओढलं आणि दार लोटलं.

रिवका दाराशीच अंग चोरून उभी राहिली. मिल्काबाई शेमाची प्रार्थना म्हणत होती, येसूबाई एकवीरा आईला हाका मारत होती. मी थेंब झेलत होते, आणि थेंबाची धार होत होती.

तेवढ्यात हेखालच्या वरची कौलं गेली.

एकदम उघडं आभाळ दिसलं, काळं, धावणारं. पावसाचा लोट सरळ त्या कपाटावर आला. लाकूड भिजलं, दाराच्या फटीतून पाणी आत जाऊ लागलं. मिल्काबाईची शेमा ओठांवरच थांबली.

"सेफेर," ती म्हणाली. "सेफेर भिजेल."

तिने फोन कानाला लावला. फोन मेलेला. तिच्या तोंडावर मी जी भीती पाहिली, ती वादळाची नव्हती. गलबताच्या गोष्टीतली होती. एकदा समुद्राने सगळं नेलं होतं. आता तो उरलेलं न्यायला आला होता, आणि दारात ती एकटी उभी होती.

तिने हेखाल उघडलं. वरून कौलांचे तुकडे पडतच होते. तिने सेफेरला मिठी घातली, उचलायला गेली. तो भरल्या हंड्यासारखा जड. तसाच हलला, कलला. पडणार! मी पितळेची, मला श्वास नाही, पण तोही त्या वेळी अडकला. मिल्काबाईने तो कसाबसा मागे टेकवला आणि ती रडायला लागली.

"माझ्याने नाही होत. पडेल माझ्या हातून."

"मी उचलू?" येसूबाई पुढे झाली, आणि लगेच मागे सरली. स्वतःचे हात तिने लुगड्याला पुसले. "न्हाय. माज्या हाताला म्हावऱ्याचा वास. तुमचा देव हाय तो. मी न्हाय शिवायची."

मग दोघींनी दाराकडे पाहिलं. रिवका भिंतीला चिकटून उभी होती. दवाखान्यात आडवी माणसं उचलून खाटेवर ठेवणारी रिवका.

"नाही, आई," तिने मान हलवली. "तुम्हांला ठाऊक आहे ना? मी तर आतसुद्धा यायला नको होतं."

"मला ठाऊक आहे," मिल्काबाई म्हणाली. "उचल."

"काही वाईट झालं तर?"

"ते मी बघेन. उचल, पोरी!"

रिवका पुढे आली. तिच्या पायांचा आवाज मला वाऱ्यातही ऐकू आला. तिने दोन्ही हात सेफेरखाली घातले. त्याच वेळी येसूबाईने माझ्यातलं पाणी भडकन ओतून टाकलं आणि मला पालथी करून रिवकाच्या डोक्यावर, सेफेरच्या वर धरलं. कोळणीचे हात ते, टोपली डोक्यावर पेलणारे. हलले नाहीत.

पहिलं कौल माझ्या पाठीवर पडलं. मला तांबटाच्या दुकानातला तो पहिला घाव आठवला. दुसरं पडलं. मी वाकले, पण फाटले नाही. माझ्याखाली रिवका पाऊल पाऊल सरकत होती, मधेच तिचा पाय ओल्या फरशीवर घसरला, आणि मिल्काबाईने मागून तिच्या कमरेला विळखा घातला. तशाच त्या तिघी, एकीला एक धरून, जाळीच्या दारातून मागच्या खोलीत आल्या. सिमेंटच्या स्लॅबखाली. बायकांच्या खोलीत.

सेफेर जमिनीवर ठेवायचा नाही. मग जिथे बसून नारळ खवायच्या त्या बाकावर रिवका बसली, आणि वारा थकेपर्यंत तो मांडीवर घेऊन बसून राहिली. पुरुषांत मी जन्मभर गेले होते, पण सेफेर बायकांत आलेला मी तेव्हा प्रथम पाहिला. तिने त्याला लेकरासारखं छातीशी धरलं होतं, आणि तिचे डोळे मात्र चोरी करताना सापडल्यासारखे भेदरलेले होते.

वादळ गेलं. माड पडले, घरं उघडी पडली, लोकांनी कौलं गोळा केली. सेफेरच्या मखमलीची एक कड ओली होती. ती वाळवली. पण गुंडाळी उलगडून कोणी पाहिली नाही. ते काम पुरुषांचं. आत पाणी गेलं आहे की नाही, अक्षरं पुसली आहेत की नाही, हे कोणालाच कळेना. सेफेर मागच्या खोलीतल्या फडताळात उभा राहिला, आणि मी त्याच्या शेजारी. कित्येक महिने.

ते महिने वादळापेक्षा वाईट होते. रिवका येऊन फडताळापुढे उभी राही, पण दार उघडत नसे. एकदा ती सासूला म्हणाली, "आई, एखादं अक्षर जरी गेलं असलं, तर ते पाण्याने गेलं असं तुम्ही म्हणाल. मी नाही म्हणू शकणार." मिल्काबाईने फडताळावरची धूळ पदराने पुसली. तिलाही भीती होतीच. हुकूम तिचा होता ना!

अखेर रस्ते खुले झाले आणि ठाण्याहून माणसं आली. त्यांत शालोमभाऊ, आमचे मुकादम, म्हणजे सिनेगॉगचे प्रमुख. मोजकं बोलणारे, भुवया दाट. ठरलं, आधी सेफेर तपासायचा. ठीक असला, तर एलियाहू हन्नबीचा मलिदा करायचा. बायकांनी पोहे आधीच भिजवले होते. मिल्काबाईने मला चिंचेने घासलं. कल्हईवाला आला होता, तो म्हणाला, "आजी, हे पोचे ठोकून सरळ करून देतो." ती म्हणाली, "हात लावशील तर बघ. कल्हई कर आणि जा."

मी खोबऱ्याने भरत होते, पण कोणाचं लक्ष माझ्यात नव्हतं. सगळ्या जाळीला डोळे लावून. शालोमभाऊंनी सेफेर चौथऱ्यावर ठेवला आणि उलगडायला सुरुवात केली. एक रकाना. पुढचा. पुढचा. चामड्याची करकर ऐकू येत होती. मग ते एकदम थांबले. खाली वाकले. आणखी वाकले.

रिवकाने माझा काठ इतका घट्ट धरला, की शेगुलाबाईचं नाव तिच्या तळव्यावर उमटलं.

शालोमभाऊंनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, पुन्हा लावला. आणि पुढे उलगडू लागले. चष्म्यावर धूळ बसली होती, दुसरं काही नाही! शेवटपर्यंत उलगडून झाल्यावर ते म्हणाले, "कोरडा आहे. अक्षर न् अक्षर."

जाळीआड कोणीतरी हुंदका दिला. शालोमभाऊ वळले.

"मिल्काकाकी, हेखालमधून सेफेर काढला कोणी?"

 रिवकाने माझ्या काठावरचे हात पाठीमागे घेतले. मिल्काबाई जाळीच्या दाराशी आली.

"ज्यांनी काढायचा, ते इथे नव्हते," ती म्हणाली. "ज्या होत्या, त्यांनी काढला."

"पण कोणी?"

पडवीतून येसूबाईचा आवाज आला, "ओ भाऊ, तुमचा देव भिजला का? न्हाय ना? मंग इचारता काय? आदी ती परात बगा, किती मार खाल्लाय तिनं!"

शालोमभाऊंनी पुढे काही विचारलं नाही.

मी भरले होते. आता उंबरठ्यावर जायचं, हात बदलायचा. मिल्काबाईने मला रिवकाच्या हाती दिलं. रिवका तिच्या कानाशी लागली. मी जवळ होते म्हणून मला ऐकू आलं. "आई, आजसुद्धा अडचण आहे."

मिल्काबाईने माझ्यावरचा एक बदामाचा काप नीट बसवला. "मग? सेफेर तुझ्या मांडीवर बसला होता. मलिद्याला काय होतंय? चल, जड आहे, घट्ट धर."

उंबरठ्यावर शालोमभाऊ दोन्ही हात पुढे करून उभे होते, जन्मभराच्या सवयीने. मी त्या क्षणाला भिऊन होते. रिवकाच्या हातांत माझ्यातली फळं हलत होती. शालोमभाऊंची बोटं माझ्या काठाखाली आली आणि पोच्यांना लागली. एक, मग दुसरा, मग तिसरा. खोलगट, कौलाच्या कडेएवढे. त्यांनी वर पाहिलं, कौलं नवी बसवलेल्या जागेकडे. मग रिवकाकडे.

त्यांनी हात मागे घेतले आणि ते दारातून बाजूला झाले.

"जपून," ते म्हणाले. "उंबरठा उंच आहे."

त्या दिवशी माझा हातबदल झाला नाही, मित्रांनो. ज्या हातांनी मला भरलं, त्याच हातांनी मला आत नेऊन ठेवलं.

माझी भीती गेली असं मात्र समजू नका. मिल्काबाईची पावलं आता जड पडतात. दर जूनमध्ये समुद्राचा आवाज बदलतो. कपाटाची चावी फिरली की मी अजून शहारते, आणि शुक्रवारी संध्याकाळी कुलूप उघडल्याचा आवाज येईपर्यंत जीव टांगलेला असतो. तुमच्याही घरी माझ्यासारखं एखादं भांडं असेल, काठावर कोणा बाईचं नाव कोरलेलं. ते माळ्यावरून खाली काढा. चिंचेने घासा, कल्हई करा, त्यात काहीतरी गोड कालवा. ते नाव मोठ्याने वाचा. आणि त्याला पोचे पडले असतील, तर ठोकून सरळ करू नका. आधी कोणाला तरी विचारा, ते कशाने पडले.